शेवटच्या साधारण सदस्या

विषय : लॅब टेक्निशियन संघटनेचे पदाधिकारी व सदस्य यांच्यातील संवाद सुधारण्याबाबत.
संदर्भ : श्रीमती शुभा मुळे यांचा बदलीच्या शिफारशीसाठीचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन असं की, मी सरकारी दवाखान्यातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झालो आणि घरी करमेना म्हणून या संघटनेचं इंदूरच्या पलासियातलं ऑफिस सांभाळू लागलो. पगार नाही, चहा आहे. नोकरीत फायली साचायच्या, त्या निदान फीत बांधून कपाटावर टाकता यायच्या. इथे किस्से साचतात. मित्रांना सांगून थोडे कमी करावेत म्हटलं, तर तोवर दोन नव्यांची आवक होते.

शुभाताईंचं आधी सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन अडतं. त्यांची नोकरी झाबुआकडच्या एका लहानशा दवाखान्यात. आई इथे इंदुरात, मल्हारगंजात एकटी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. एकदा म्हातारीने गॅस उघडा ठेवला. गल्लीला वास आला म्हणून निभावलं. बदल्यांवरची बंदी वर्षातून थोडे दिवस उठते. तेवढ्यात संघटनेची शिफारस गेली तर इंदूर मिळू शकतं.

"काका, अध्यक्षांशी फक्त एकदा बोलायचंय," त्या मला म्हणाल्या.

"फक्त" हा शब्द आमच्या संघटनेत नवखे लोक वापरतात.

*

वरचे लोक खालच्यांचं ऐकत नाहीत अशी कुरकुर झाली, तेव्हा अध्यक्ष पागनीसजींनी 'संवाद' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. गर्दी नको म्हणून सेटिंग असं केलं, की लिहायचं ते फक्त ॲडमिननी. मग पहिला मेसेज टाकला : "सबको बोलने का हक है। जिसे जो कहना हो, खुलकर कहे।"

कोणालाच काही लिहिता येईना. अंगठा तेवढा दाबता येत होता. तो सगळ्यांनी दाबला, शुभाताईंनीही.

पुढच्या बैठकीत सचिव तिवारीजींनी अहवाल वाचला : "सदस्यों में भारी संतोष है।"

"काका, माझ्या बदलीचं काय झालं?" शुभाताईंचा फोन.

"बदलीचं माहीत नाही," मी म्हटलं. "तुमचा संतोष मिनिट्समध्ये आलाय."

*

मग सूचनापेटी आली. बाहेर लावली तर चोरीला जाईल म्हणून ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये टांगली. अध्यक्ष नसले की केबिनला कुलूप. असले की दाराशी तिवारीजी : "साहब मीटिंग में हैं।"

काही महिन्यांनी कार्यकारिणीसमोर पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी निघाली. 'पेटी बढ़िया है।' अक्षर पागनीसजींचं होतं.

सूचना सर्वानुमते मंजूर झाली.

*

इंदुरात कोणतंही काम पोह्यांशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे 'पोहे विथ प्रेसिडेंट' हा कार्यक्रम निघाला तेव्हा मलाही वाटलं, आता काहीतरी होईल. रविवारची सकाळ. शुभाताई पहिल्या बसने आल्या होत्या.

"सर, माझ्या बदलीचं..."

"मुळेजी, पहले पोहे तो लो."

"घेतले सर. आई एकटी असते, म्हणून..."

"जीरावन मसाला घातला का? नाही? अरे भिया, मॅडमच्या पोह्यांवर जीरावन टाका. आणि शेव."

मग जिलेबी आली. जिलेबीवरून पागनीसजी जुन्या हलवायांवर गेले, तिथून भेसळीच्या तुपावर. मग त्यांनी हात धुतले. हात धुतले की आमच्याकडे चर्चा संपते.

पोहे चांगले होते, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे.

*

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. जो तक्रार करतो, त्याला पद मिळतं. भंवरकुआं भागातला काळे ओरडला की सूचना वेळेवर मिळत नाहीत. त्याला प्रचार सचिव केलं. आता त्याला सूचना सगळ्यांच्या आधी मिळतात आणि तो त्या कोणाला पाठवत नाही. एक जण म्हणाला, पदं फार झालीत. तो पद-समीक्षा प्रमुख झाला.

असं होता होता वार्षिक सभेच्या दिवशी सगळे स्टेजवर. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालच्या वर नेल्या. खाली दोनच माणसं उरली : शुभाताई आणि मी. त्यात मी सदस्य नाही.

पागनीसजी माइकवर म्हणाले, "आज हम अपने सदस्यों के बीच आए हैं।"

*

त्याच सभेत शुभाताई उठल्या. माइक मागितला नाही.

"सर, माझी आई मल्हारगंजात एकटी आहे. तिला दिसत नाही. बंदी उठली आहे, परवा पुन्हा लागेल. मला पोहे नकोत. सही हवी."

पागनीसजींनी चष्मा काढून पुसला. "मुळेजी, इतनी साफ बात इस संगठन में आज तक किसी ने नहीं की।"

मी पेनचं टोपण काढून ठेवलं.

"आजपासून मुळेजी आपल्या संवाद प्रमुख."

टाळ्या पडल्या. शुभाताईंच्या गळ्यात हार पडला.

"आणि माझी शिफारस?"

तिवारीजींनी नियम सांगितला. शिफारस फक्त साधारण सदस्याची होते; पदाधिकाऱ्याने स्वतःचा फायदा बघायचा नसतो.

शुभाताईंनी हार न काढताच माझं पेन घेतलं आणि तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. तिवारीजींनी तो वाचून परत त्यांच्याच हातात दिला. "अर्जी पहले संवाद प्रमुख के पास जाएगी। उनकी टीप लगेगी।"

शुभाताईंनी खाली लिहिलं : मंजूर.

"मॅडम, खुद के मामले में आप कैसे लिख सकती हैं?" तिवारीजींनी अगदी कळकळीने विचारलं.

मी शुभाताईंना रिक्षाने मल्हारगंजला सोडायला गेलो. हार गळ्यातच होता. दार आईने उघडलं. लेकीच्या चेहऱ्यावर हात फिरवायला गेली, तो हात हाराला लागला. तिने फुलं चाचपली, वास घेतला.

"झाली वाटतं गं बदली?"

शुभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षावाल्याकडे.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.