इंदूच्या विहिरीवरून जाणारी तार

चिपळूणहून निघताना वहिनींनी माझ्या पिशवीत आमसुलं कोंबली. "तिकडे दुष्काळ आहे, काय मिळेल न मिळेल," म्हणाल्या. दुष्काळात आमसुलांचं काय करायचं, हे विचारायच्या आत एसटी हलली. माझं काम असं : विजेची मोठी लाइन कुठून न्यायची हे ठरण्याआधी गावोगाव जायचं, लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि कंपनीला लिहून द्यायचं. ऐकण्याचा पगार मिळणार म्हटल्यावर आमचे हे खो खो हसले होते. "तुला? आणि ऐकण्याचा?"

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला सोनवणे नावाचे तरुण इंजिनिअर जीप घेऊन आले होते. आम्ही धारूरकडे निघालो. फेब्रुवारीच होता, पण ऊन चैत्रातलं. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं), भेगाळलेली काळी जमीन आणि कोरडे ओढे. हिरवं काही दिसलं की ती बाभूळ, हे मी लवकरच शिकले. पाणी म्हणजे छपरातून गळणारी कटकट, असं समजत मी वाढलेली. इथे टँकर दिसला की बाया घागरी घेऊन त्याच्या मागे धावत होत्या. माझी बडबड आपोआप बंद पडली. "बरं नाही का वाटत?" सोनवण्यांनी विचारलं. नव्हतंच वाटत.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं, पण गावात माणूस नव्हतं. निम्म्या घरांना कुलपं, ती माणसं ऊसतोडीला गेलेली. उरलेली माणसं आपापली जनावरं घेऊन माळावरच्या चारा छावणीत राहत होती. छावणी गावच्या दूध सोसायटीनं उघडलेली. म्हणून आमची सभाही तिथेच, शेणाच्या आणि उसाच्या वाढ्यांच्या (हिरव्या शेंड्यांच्या) वासात. नकाशा बाजेवर पसरला, तर एका म्हशीनं त्याचा कोपरा चाटायला घेतला. "तिचं बी म्हणणं घ्या लिहून," एकजण गंभीरपणे म्हणाला.

सोनवण्यांनी लाइनचा मार्ग दाखवला. एका टॉवरची जागा अजून पक्की नव्हती. ओढ्याकाठच्या कुणाच्या तरी वावरात (शेतात) तो उभा राहणार होता. एका शेतकऱ्यानं विचारलं, "एवढी मोठी तार आमच्या वावरावरून जाणार, मग आमाला लाइट कावून न्हाई?"

"ही वीज इथं उतरत नाही, काका. एसटीची जलद गाडी कशी, मधल्या फाट्यावर थांबत नाही."

"हात केला की थांबते की," मागून एक म्हातारी म्हणाली. "आमच्या फाट्यावर रोज थांबते."

सगळी सभा हसली. सोनवणेही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

ही गयाबाई. सगळे तिला मावशी म्हणतात. तिच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. ऊसतोडीला जाणारी घरं तिच्याकडे किल्ली ठेवून जातात, आणि इथली रीत अशी, की ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे घराचा शब्द. मागे राहिलेली शेळी विकायची, लग्नात आहेर करायचा, सोसायटीच्या सभेत हात वर करायचा, सगळं किल्लीवालीनं करायचं. तिनं दिलेला शब्द परत आल्यावर घरवाले मोडत नाहीत. मोडला, तर पुढच्या साली किल्ली ठेवून घ्यायला कुणी पुढे येत नाही.

टॉवरची गोष्ट निघाली तेव्हा मावशीनं जुडग्यातली एक किल्ली वर धरली. "इंदूच्या वावरात घ्या. हिरीच्या (विहिरीच्या) पार शेजारी." कुणी हरकत घेतली नाही. सभा इतकी गोडीगुलाबीनं संपली की मला संशयच आला.

जेवायला मावशीकडेच होतो, म्हणजे तिच्या बैलांशेजारी. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी). इतकं चवीचं मी कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं. परतफेड म्हणून मी आमसूल पुढे केलं. तिनं तोंडात टाकलं नि डोळे गच्च मिटले. "लई आंबट हाय, बाई. तुमी हे कावून खाता?"

"मावशी, तुम्ही टॉवर विहिरीशेजारीच का मागितला?" मी विचारलं.

ती खुलली. इंदू आणि तिचा नवरा भागवत दरवर्षी ऊस तोडून आले की उन्हाळाभर ती विहीर खणतात. गेल्या खेपेला तळाला ओल लागली. "पानी लागलं की कोयता खाली ठिवायचा, असं ठरलंय दोघांचं. मग मोटारीला लाइट जवळ नगं का? म्हनून म्या टॉवर तितंच घेतला. दुसऱ्या कुनी मागायच्या आत."

माझा घास हातातच राहिला. मी सोनवण्यांकडे पाहिलं. ते बिचारे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले : या तारेतून गावाला वीज मिळत नाही. आणि टॉवरच्या पायाशी खोल खड्डा चालत नाही, विहीर बुजवावी लागेल.

मावशीनं भाकरी खाली ठेवली. मग मला म्हणाली, "हात केला तरी?"

"तरी नाही, मावशी."

"आपण जागा बदलून टाकू," सोनवणे लगेच म्हणाले. तिनं मान हलवली. दिलेला शब्द तिचा नव्हता, इंदूच्या घराचा होता. तो मोडायचा तर घरानंच. "मला तिकडं न्या," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

इंदूची ऊसतोड तेलगावकडच्या सहकारी साखर कारखान्यासाठी चालली होती. वाटेत बाभळीच्या काट्यानं चाक बसलं. सोनवणे घामाघूम होऊन ते बदलत होते, मी चुकीचे पाने पुढे करत होते, आणि मावशी बांधावर बसून होती.

उसाच्या फडाशेजारी कोप्या (पाचटाच्या झोपड्या) होत्या. इंदू तिशीतली, हात उसाच्या पात्यांनी ओरखडलेले. मावशीनं तिला आणि भागवतला सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. "म्या तुमच्या हिरीवर टॉवर घातला," असंच म्हणाली.

भागवतनं कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपली. "मावशी, तुमी बोलला ते झालं. किल्ली तुमच्यापाशी हाय."

इंदूनं तोंड फिरवलं आणि मोळी बांधायला घेतली. गाठ काही बसेना. अगं, नाही म्हण ना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं काम ऐकण्याचं. जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली, आणि ते किती अवघड असतं हे मला त्या फडावर कळलं.

मावशीनं जुडग्यातून किल्ली सोडवली आणि इंदूच्या हातात ठेवली. "घे. आता मी कोन? शेजारची म्हातारी. घर तुझं, वावर तुझं. सायब इचारायलेत, बोल."

इंदूनं मूठ मिटली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. "हीर बुजवू देनार न्हाई," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. मग मटकन खाली बसून रडली.

सोनवण्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तार थोडी वळवली तर टॉवर ओढ्याच्या अलीकडच्या वावरात येत होता. "हे कुणाचं?"

"माझं," मावशी म्हणाली. "घ्या लिहून. माझ्या वावरात हीर न्हाई."

"भरपाई मिळेल, पण टॉवरच्या पायाखालची जमीन गेली ती गेलीच, मावशी," सोनवण्यांनी बजावलं.

"मावशी, तसं नगं," इंदू उठून म्हणाली.

"किल्ली घेतलीस न्हवं हातात? मग माझ्या वावरात तू बोलू नगंस."

मी लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलं, डोळ्यांत पाणी होतं. निघताना इंदूनं किल्ली पुन्हा मावशीकडे दिली, कारण होळीपर्यंत तोड संपणार नव्हती. परतीच्या वाटेवर मावशीनं एकच विचारलं, टॉवरखाली शेळ्या बसल्या तर चालतं का. चालतं, म्हटल्यावर तिला झोप लागली.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, बीडला काय पाहिलंत? गमतीनं सांगू लागले, तर मलाच गंमत वाटेना. आमच्याकडे फणसाची फांदी शेजारच्या आवारात गेली की माणसं कोर्टात जातात, आमचीही जाऊन आली आहेत. तारेचा काडीचाही उपयोग नाही हे पक्कं कळल्यावर गयाबाईनं त्या तारेसाठी आपलं वावर दिलं. शेजारणीची विहीर राहावी म्हणून, त्या विहिरीला पाणी लागेल की नाही याचाही भरवसा नसताना. मी दिलं असतं का, हे मी स्वतःला बरेचदा विचारून पाहिलं. नसतं दिलं.