‘चिरंजीव’, आयुष्य आठ महिने

मी गेली एकोणीस वर्षं पुण्यात उद्योजकता शिकवते आणि आजवर मी एकही वस्तू विकलेली नाही. घरची रद्दीसुद्धा नवरा विकतो. (मी विकायला बसले की रद्दीवाला काटा धरून उभा राहतो आणि मी त्यालाच धंद्याबद्दल प्रश्न विचारत बसते, अशी नवऱ्याची तक्रार आहे.)

तरीही पोलंडमधल्या एका लहानशा गावातल्या विद्यापीठानं मला एका सत्रासाठी अभ्यागत व्याख्याता म्हणून बोलावलं. ही बातमी मी सदाशिव पेठेत आईबाबांच्या घरी जाऊन सांगितली. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबांनी पेपर खाली न घेता विचारलं, “का? तिकडचे उद्योजक संपले का?”

आमच्या बाबांकडून याहून मोठं कौतुक मिळत नाही. मी आनंदानं विमानात बसले.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात विषय आला अपयशाचा. मी मोठमोठ्या कंपन्या कशा बुडाल्या त्याच्या गोष्टी सांगायला लागले. पण त्या मुलांना त्या पाठ होत्या. त्यांच्यात आग्निएश्का नावाची एक शांत, सगळं लिहून घेणारी मुलगी होती. तिनं विचारलं की तुमच्या गावातलं, तुम्ही स्वतः पाहिलेलं एखादं उदाहरण नाही का? आणि मी, काही विचार न करता, माझ्या जन्मदात्याला फळ्यापुढे आणून उभं केलं.

झालं होतं ते असं. मी नववीत असताना बाबांनी खडकीच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडली आणि चिरलेली भाजी घरपोच देण्याचा धंदा काढला. पहाटे मार्केट यार्डातून पोती आणायची, आईनं आणि त्यांनी दोन विळ्यांवर समोरासमोर बसून ती चिरायची, पिशव्यांत भरायची आणि आठच्या आत स्कूटरवरून पेठेत वाटायची. चिरलेली भाजी, म्हणून नाव ‘चिरंजीव’. हा चिरंजीव आठ महिने जगला. आज तीच भाजी दहा मिनिटांत दारात येते आणि लोक ती आणणाऱ्याला पाणी विचारतात. पण त्या काळी पेठेतल्या बायकांना तो अपमान वाटला. “आमचे हात काय मोडलेत?” असं विचारून त्या दार लावून घेत.

वर्गात मी हे सगळं अभिनयासकट सांगितलं. बाबा दुधी भोपळ्याचे गुण सांगताना कसे हातवारे करायचे, तेही करून दाखवलं. मुलं पोट धरून हसली. एकोणीस वर्षांत इतका हशा मला कधी मिळाला नव्हता, त्यामुळे मी थांबेचना. शेवटी पडद्यावर अपयशाची पाच कारणं आली. पाचवं होतं: उद्योजक कोणाचंही ऐकत नव्हता.

विद्यापीठानं त्या तासाचं चित्रीकरण केलं होतं. त्याची लिंक आली आणि मी ती मोठ्या अभिमानानं घरच्या ग्रुपवर टाकली. आमच्या ग्रुपवर लोक बारशाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण बघत नाहीत. सव्वा तासाचं इंग्रजी व्याख्यान कोण बघणार? सगळ्यांनी अंगठे पाठवले. बाबांनी अंगठा पाठवला नाही.

बाबांनी ते दोनदा पाहिलं.

तीन दिवस ते फोनवर आले नाहीत. मी आईला विचारलं की रागावलेत का. आई म्हणाली, “रागावले वगैरे नाहीत. मुद्दे काढतायत.”

हे ऐकून मला जास्त भीती वाटली. चौथ्या दिवशी ईमेल आला. प्रति, माननीय अभ्यागत व्याख्यात्या. विषय: आपल्या व्याख्यानातील चुका. एकूण सतरा मुद्दे होते. ग्राहक सात नव्हते, बंद करतेवेळी अकरा होते, शिवाय एका खाणावळीची रोजची ऑर्डर ठरली होती. पडद्यावर दाखवलेली ब्रोकोली आम्ही कधीही चिरलेली नाही, तेव्हा ती आम्ही पाहिलीही नव्हती. दुधी भोपळ्याच्या वेळी मी दोन्ही हात वापरत नसे, कारण एका हातात दुधी असे. आणि सतरावा: ‘उद्योजक ऐकत नव्हता’ हे विधान खोटे आहे. मी ऐकत होतो. पटत नव्हते.

खाली एक ओळ होती. ज्याच्यावर व्याख्यान झाले त्यास बाजू मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती. सही पूर्ण नावाची.

मी ते पत्र हसत वाचायला घेतलं होतं. त्या ‘विनंती’पाशी हसू थांबलं. आपल्या मुलीकडे विनंती करायची वेळ मी या माणसावर आणली होती, तीही परक्या मुलांना हसवण्यासाठी. मी दुसऱ्या दिवशी वर्गात भीत भीत विचारलं. मुलं इतकी खूश झाली, की माझ्या एकाही तासाला न आलेले दोघेजण त्या तासाला आले.

तिकडे सकाळचे साडेनऊ, पुण्यात दुपारचे दोन. बाबांनी माझ्या माहितीत पहिल्यांदा दुपारची झोप मोडली. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग आईचं कपाळ, आणि शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून विळीवर बसलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, नोकरी सगळी पत्रव्यवहारात गेली. पण त्यांनी जाहीर केलं की धंदा मराठीत केला होता, तेव्हा तो मराठीतच सांगितला जाईल. भाषांतर व्याख्यात्या करतील.

त्यांनी भेंडी आधी का धुवायची आणि नंतर का नाही, इथून सुरुवात केली. गवार मोडायची, चिरायची नाही. मेथी नुसती निवडून द्यायची, कारण चिरलेली मेथी दुपारपर्यंत काळी पडते आणि नाव आपलं खराब होतं. मुलं वह्या काढून लिहीत होती. (माझ्या तासाला आग्निएश्का सोडली तर कोणाची वही निघत नाही.) पेठेतल्या बायका काय म्हणायच्या हे मी भाषांतर करून सांगितलं, तर मागच्या बाकावरच्या एका मुलानं सहानुभूतीनं विचारलं, म्हणजे ही सेवा हात मोडलेल्यांसाठी होती का? बाबांनी पडद्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नीट सांग.”

मी नीट सांगितलं. मग आग्निएश्कानं हात वर केला. तिनं वहीत बघून विचारलं, की ग्राहक वाढत होते, खाणावळीची मोठी ऑर्डर आली होती, तर मग धंदा नेमका तेव्हाच का बंद केला?

हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत पडला नव्हता.

बाबा विळीशी उगाच चाळा करत राहिले. मग म्हणाले, “घरगुती कारण.” मी तसं सांगितलं. ती म्हणाली, कोणतं? बाबा म्हणाले की ते अभ्यासक्रमात नाही.

तेवढ्यात पडद्याबाहेरून आईचा आवाज आला. “अहो, सांगा ना. तिला आठवत नसेल तर कळू दे.” आणि त्यांची वाट न बघता तीच बोलायला लागली. घरभर कांदालसणाचा वास असायचा, तो माझ्या गणवेशाला लागायचा. शाळेत शेजारची मुलगी माझ्या बाकावरून उठून दुसरीकडे बसली. मी घरी आले, दप्तर फेकलं आणि म्हणाले, उद्यापासून शाळेत जाणार नाही. एवढं मला अंधूक आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं.

“तू म्हणालीस, बाकीच्यांचे बाबा ऑफिसला जातात,” आई म्हणाली. “दुसऱ्या दिवशी हे खाणावळीत जाऊन नाही म्हणून आले. खाणावळीचं काम घेतलं असतं तर दोन्ही खोल्या कांद्यांनी भरल्या असत्या. महिन्याभरात एका शिकवणीच्या क्लासच्या ऑफिसात चिकटले, ते पुढे बावीस वर्षं.”

चोवीस मुलं भाषांतराची वाट बघत होती. मी इंग्रजीत सांगितलं, की बाजारपेठ अजून तयार नव्हती.

“राँग ट्रान्सलेशन,” बाबा शांतपणे इंग्रजीत म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं, बाक, वास आणि माझं वाक्य. आधीच्या तासाला पडद्यावर दाखवलेल्या पाच कारणांत मी कुठेच नव्हते. सांगताना आवाज दोनदा फुटला. त्या देशात शिक्षक वर्गात रडत नसावेत, कारण पुढच्या बाकावरचा मुलगा उठला आणि खिडकी बंद करून आला. मला थंडी वाजतेय असं त्याला वाटलं.

कोणीतरी बाबांना विचारलं, तुम्हाला त्याचं वाईट नाही वाटलं? बाबांनी थोडा विचार केला. “वाटलं की. आठवडाभर वाटलं. पण ती सोमवारी शाळेत गेली. मग काय राहिलं?”

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. बाबांनी घाई केली नाही. आई मध्येच पदरानं चष्मा पुसत पडद्यात डोकावून गेली.

तास संपत आला तशी आग्निएश्कानं शेवटचा हात वर केला. तिला जाणून घ्यायचं होतं, की आता काळ बदलला आहे, लोक चिरलेली भाजी घेतात, तर ‘चिरंजीव’ पुन्हा सुरू करण्याचा त्यांचा विचार आहे का?

बाबा ताठ बसले. त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, आता शब्द न शब्द सांगायचा.

“विचार आहे,” ते म्हणाले. “वेळ अगदी योग्य आहे. तेव्हाची मुख्य अडचण मे महिन्यापर्यंत परदेशात आहे.”

मी ते शब्द न शब्द सांगितलं.