अकरा चिंचोके

माझ्या बाबांना सायकल चालवताना पायडल मोजायची खोड होती. लहानपणी मी मागे कॅरियरवर बसून त्यांच्या पाठीला कान लावायची. पाठीतून आकडे ऐकू यायचे, साठ, एकसष्ट, बासष्ट, आणि शंभरच्या आत मला डुलकी लागलेली असायची. शंभर झाले की ते बुशशर्टच्या डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकत. प्रतापनगरच्या घरापासून महाल भागातल्या कचेरीपर्यंत अकरा चिंचोके. अंतर मैलात सांगणारी माणसं मला अजूनही अडाणी वाटतात.

सत्तरच्या दशकात, मी विशीत असताना, बाबांना टायफॉइड झाला. उठले तेव्हा पायांच्या नुसत्या काड्या. "ज्या दिवशी सायकल सुटन, त्या दिवशी मी म्हातारा झालो समज," ते म्हणायचे. पन्नाशीही गाठली नव्हती. कामावर जायच्या पहिल्याच दिवशी ते अर्ध्या वाटेतून सायकल हातात धरून परत आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला ते पाहवेना.

नागपुरात चढ कुठे आहेत, असं लोक म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडी समोरून वारा सुटतो, तोच आमचा चढ. मी गुपचूप सायकल मिस्त्रीकडे नेली.

"मागचं फ्रीव्हील अठरा दात्यांचं आहे, ताई," तो म्हणाला. "बावीसचं टाकतो. पायडल जास्त मारा लागन, पण जोर नाही लागत. बाबाले पत्ताही नाही लागन."

त्याने चेन कडीभर वाढवली. मी नव्या फ्रीव्हीलला काळं तेल आणि धूळ फासून ते जुनं दिसेलसं केलं. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा निघाले. दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी उन्हं कलल्यावर रस्त्याच्या टोकाला ते दिसले. पाय भराभर फिरत होते आणि सायकल मात्र सावकाश, तरंगत असल्यासारखी येत होती. ते येतच राहिले, येतच राहिले. मला ते दृश्य अजून झोपेत दिसतं.

"पाय हलके होऊन राहिले वं," घंटी वाजवत ते म्हणाले. "ताकद येऊन राहिली."

रविवारी त्यांचा बुशशर्ट धुवायला घेतला. खिसा उलटा केला तर चिंचोके फरशीवर सांडले. मोजले. तेरा होते. अकरा झिजून गुळगुळीत, दोन कोरे.

म्हणजे नव्या फ्रीव्हीलच्या पहिल्याच सकाळी, अकरा चिंचोके संपूनही कचेरी आली नाही तेव्हाच, त्यांना सगळं कळलं होतं. आणि संध्याकाळी घंटी वाजवत आले ते माझ्यासाठी.

ओंजळ घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काहून वं, अशी काय पाहून राहिली?" ते म्हणाले. मग ओंजळीकडे बघून पुन्हा पेपरात डोकं घातलं. "महाल थोडा दूर सरकला असन."

मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले. शर्ट वाळल्यावर तेराही चिंचोके मोजून त्याच्या डाव्या खिशात ठेवले.