अण्णांना दिलेल्या दोन गोळ्या

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बेन, आ आळस नथी. मांदगी छे." हा आळस नाही, आजार आहे. आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं, डिप्रेशन. मन खाली बसतं आणि आपणहून वर येत नाही, असा त्याचा अर्थही त्यांनीच समजावला.

मला नवल वाटलं. तीन महिने मी स्वतःला कामचुकार समजत होते आणि त्याला चक्क नाव होतं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. मी सुरतेच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडायचे, दिवसभर बोलायचं. मला ते काम फार आवडायचं. मग हळूहळू असं झालं की समोरच्याने सांगितलेला नंबर लिहीपर्यंत विसरायचा. पहाटे चारला जाग यायची. जेवण मातीसारखं लागायचं. आमच्या ह्यांनी दोन-तीन वैद्य केले आणि शेवटी मला सरकारी दवाखान्यातल्या मानसिक विभागात नेलं. तिथल्या बाकावर मी पदर डोक्यावरून घेऊन बसले होते, कुणी ओळखू नये म्हणून.

डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, काचबिंदू आहे का, लघवी अडते का, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. आडवं झोपवून रक्तदाब घेतला आणि उभं करून पुन्हा घेतला. मग सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो?" तापीच्या पुलावरून जाताना मी खाली पाण्याकडे बघायचं टाळते, एवढं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आठवड्यापुरत्याच गोळ्या दिल्या. बाटली ह्यांच्या हातात देत म्हणाले, "ही तुम्ही सांभाळा. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयावर जातं."

गोळीचं नाव इमिप्रामिन. झोपताना एक, आठवड्याने दोन, मग तीन. गुण यायला तीन आठवडे लागतील, त्रास मात्र आधी होईल, असं त्यांनी बजावलं.

"गुण उशिरा आणि त्रास आधी, असं का?" मी विचारलं.

ते हसले. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. ही गोळी तो निरोप जरा जास्त वेळ टिकवते, असं मानतात. उशीर का लागतो, ते मलाही पक्कं ठाऊक नाही."

डॉक्टर 'ठाऊक नाही' म्हणाले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चौथ्या दिवशी तोंड कोरडं पडलं. हेडफोन लावून "हलो, सुरत" म्हणायचं आणि जीभ टाळूला चिकटायची. मी शेजारी पाण्याचा तांब्या ठेवू लागले. मग शौचाला घट्ट झालं, इसबगोल घेतलं. जवळचं धूसर दिसू लागलं, कॉलची नोंद करायच्या तिकिटावरचे आकडे हात लांब करून वाचावे लागत. एकदा पाटावरून झटकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून आधी बसायचं, दहा आकडे मोजायचे, मग उठायचं. प्रत्येक गोष्ट मी वहीत लिहीत होते. भीती वाटायची, पण आता पुढे काय होतं ही उत्सुकताही होती. कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी उत्सुकता वाटत होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी मला चहाचा वास जाणवला. लिहिण्यासारखं एवढंच होतं. पण मी तो कप हातात धरून बराच वेळ बसले.

पुढे मी सावरत गेले आणि त्याच भरात चूक केली.

आमच्या चाळीत धोंडूअण्णा राहत. धुळ्याकडचे, मिलमधून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा महिने झाले होते. ओट्यावर नुसते बसून असायचे. माझ्या गोळ्यांचं चाळीत मी त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं. एक दिवस म्हणाले, "पोरी, तुले बरं वाटस. माले बी दे ना एखादी गोयी." तोवर बाटली माझ्याकडे आली होती. मी कागदात दोन गोळ्या बांधून दिल्या. मला वाटलं, मी पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सून धावत आली. अण्णांना सकाळपासून लघवी झाली नव्हती. ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि ते घामाने निथळत होते. रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं, मीही गेले.

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काही नवीन औषध घेतलंय?"

अण्णा म्हणाले, "नई." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सून होती, चाळीतली आणखी दोन माणसं होती. गोळीचं नाव सांगितलं असतं तर मी कुठल्या विभागात जाते ते सगळ्यांना कळलं असतं. अण्णा कण्हत होते आणि तरी मला झाकत होते. मी म्हणाले, "माझ्या गोळ्या घेतल्यात. इमिप्रामिन, दोन. मीच दिल्या."

त्याने लगेच नळी घातली. कॅथेटर म्हणतात तिला. लघवी मोकळी झाली तसा अण्णांचा चेहरा सैल पडला. मग तो डॉक्टर मला बाजूला घेऊन रागानेच बोलला. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीची वाट अरुंद होते. माझं तोंड कोरडं करणारी गोळीच मूत्राशयाला ढिलं पाडते. मला कोरड पडली, त्यांची लघवी अडली.

मला विचारलेले ते सगळे प्रश्न अण्णांना कुणी विचारलेच नव्हते. लघवी अडते का, हा त्यांतलाच एक होता.

नळी तीन दिवसांनी निघाली. चाळीत कुजबुज झाली. एका बाईने आमच्याकडचं हळदीकुंकू चुकवलं. पण दुसरी एक जण दार लोटून घेऊन माझ्यापाशी बसली आणि दवाखान्यातला तो विभाग कुठल्या दिवशी असतो ते विचारू लागली. मी तिला दिवस सांगितला, गोळी दाखवलीही नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. माझी नऊ महिन्यांनी बंद झाली, तीही डॉक्टरांनी एकेक कमी करत. मध्येच तोडली असती तर मळमळ, बेचैनी झाली असती, असं ते म्हणाले.

अण्णा बरे झाल्यावर मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. या वेळी मी बाकावर पदर न घेता बसले. ते आत गेले ते अर्ध्या तासाने बाहेर आले. डोळे लाल झाले होते, पण पाठ ताठ होती.

"गोळी दिली का?" मी विचारलं.

"नई दिन्ही," अण्णा म्हणाले. "मन्हं ऐकी लिन्हं."

माझं ऐकून घेतलं. एवढं बोलून ते पुढे चालू लागले. बायको गेल्यापासून त्यांचं तसं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मीसुद्धा गोळ्याच दिल्या होत्या.