आडवा वारा, आखूड पट्टी

फ्लाइंग क्लबात किस्से गोळा करावे लागत नाहीत, वारा आणून टाकतो! लखनौबाहेरची आमची धावपट्टी आखूड, भोवती गव्हाची शेतं, आणि वारा दर पाच मिनिटांनी मत बदलणारा. मी इथे इन्स्ट्रक्टर. वारा वाढला की उड्डाणं बंद, चहा सुरू. पण बसवत कुणालाच नाही. सगळ्यांचे डोळे खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या नारिंगी कापडी विंडसॉककडे.

*

हा रोग घरापर्यंत येतो. हजरतगंजला बायकोबरोबर साडी घ्यायला गेलो होतो. तिने विचारलं, "ही कशी वाटते?"

मी दारातून समोरच्या इमारतीवरचा झेंडा बघत म्हणालो, "डावीकडून येतोय. झटके आहेत."

दुकानदार हळूच तिला म्हणाला, "भाभीजी, पहले भाईसाहब को पानी पिलाइए."

*

आडव्या वाऱ्यात उतरताना वाऱ्याकडचा पंख जरा खाली ठेवायचा आणि उलट बाजूचं पेडल पायाने दाबून विमानाचं नाक सरळ धरायचं. कानपूर रोडवर ऑटोत ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. ट्रक अंगावर आला आणि माझा पाय आपोआप दाबला गेला. नेमका त्याच्या पायावर!

"भैया, हम चला लें, या आप ही चलाएँगे?"

सरोजिनी नगरपर्यंत मी पाय पोटाशी घेऊन बसलो.

*

त्रिपाठी नावाच्या विद्यार्थ्याला एकच धडा पक्का होता: पट्टीच्या सुरुवातीलाच चाकं टेकली नाहीत, तर हट्ट सोडायचा, पुन्हा वर जायचं. एकदा तो चार वेळा खाली आला, चारही वेळा वर गेला. आमचे मेकॅनिक यादवजी डबा उघडून बसले होते. ओरडले, "उतरेंगे, कि रोटी ऊपर भिजवा दें?"

पाचव्यांदा सुरेख उतरला. मी शाबासकी दिली ती चार वेळा वर गेल्याबद्दल. हट्टाने उतरणारेच माझी झोप उडवतात.

*

आणि माझी मुलगी रेवा. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. तिचं पहिलं एकटीचं उड्डाण, म्हणजे सोलो होतं. बापानेच मुलीला एकटं सोडायचं नाही, म्हणून परवानगी क्लबच्या मोठ्या कॅप्टननी दिली. मला बजावलं, "रेडियो को हाथ मत लगाइएगा."

पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची आमची रीत. यादवजींनी काठोकाठ भरलेली बादली माझ्या हातात दिली.

ती निघाली तेव्हा विंडसॉक लोंबत होता. वळून येईपर्यंत फडफडायला लागला. पहिल्यांदा ती फार उंच राहिली, पुन्हा वर गेली. मी शेडपासून पट्टीच्या कडेपर्यंत गेलो, परत आलो. दुसऱ्यांदा झटका बसला, पंख डगमगला, पुन्हा वर. मी पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. खरं सांगतो, स्वतः उडताना इतका कधी घाबरलो नव्हतो.

यादवजी म्हणाले, "सर, बैठ जाइए." कसला बसतोय!

तिसऱ्यांदा पंख खाली, नाक सरळ. एक चाक टेकलं, मग दुसरं. थांबली तरी पट्टी उरली होती!

रेवा उतरली, डोळे मिटून, मान खाली घालून उभी राहिली. मी धावत जाऊन बादली तिच्या डोक्यावर उलटी केली.

दोन थेंब पडले.

तिने डोळे उघडले. माझ्या पॅंटकडे, मग बुटांकडे बघितलं.

"बाबा, सोलो मेरा था. भीग आप गए!"