परदेशाच्या दाराशी किल्लीवाला

देवाने किल्लीवाल्याला घडवताना डोळे दोनच दिले, संशय मात्र पोतंभर ओतला. त्याला कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची: हा आजच का विचारतोय? दूधवाल्याने एखाद्या दिवशी दाट दूध घातलं, की इतके दिवस तो पाणी घालत होता हे सिद्धच झालं, असं त्याचं म्हणणं. पण गल्लीत कुणाचंही कुलूप अडलं, की पाय वळायचे ते त्याच्याच टपरीवजा दुकानाकडे.

अशा माणसाला परदेशी येण्याचं आमंत्रण आलं. ते आणलं दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी बरीच वर्षं तिकडे होते. सुटीवर एकटेच आले, याच्याच घरी उतरले आणि पहिल्याच चहाला म्हणाले, "तुझ्यासाठी नोकरी बघून ठेवलीय. मी परत जायच्या आत काय ते सांग. जागा माझ्यासाठी अडून राहायची नाही."

बायको तर मनातल्या मनात विमानात बसून पट्टाही बांधून मोकळी झाली. मुलीचं शिक्षण, स्वतंत्र खोली, दिवसभर नळाला पाणी! तिचं लोखंडी कपाट कुणी घ्यायचं यावरून इकडे दोन शेजारणींचे रुसवेही सुरू झाले. किल्लीवाला तेवढा बशीत चहा ओतून दाजींकडे बघत बसला.

"तिकडे हवा काय स्वच्छ आहे, विचारू नकोस."

"मग तुमचा खोकला कुठला?"

"रस्ते तर आरशासारखे!"

"पाय घसरत असतील."

"शेजारी कधी म्हणून भांडत नाहीत."

"बोलतात का?"

दाजींनी घाईघाईने कप तोंडाला लावला. किल्लीवाल्याने ते बरोबर टिपलं. मग बाजू सावरायला दाजी म्हणाले, "अरे, लोक दाराला कुलूपसुद्धा लावत नाहीत!"

"छान! म्हणजे उपाशी मरायला मी एवढ्या लांब येऊ? काम काय आहे?"

"सुरक्षा खात्यात."

"म्हणजे नेमकं काय?"

"आलास की कळेलच."

पिंजरासुद्धा उंदराला हेच सांगतो, असं किल्लीवाला दुकानात जाऊन किल्ली घासता घासता हातातल्या कानशीला म्हणाला.

बायकोने त्याला फैलावर घेतलं. "अहो, तुमची सख्खी बहीण आहे तिथे. ती काय तुम्हाला खड्ड्यात ढकलणार आहे?"

"मग ती का नाही आली? आणि फोन ठेवताना दर वेळी तिचा आवाज कसा बसतो? पाणी मुरतंय कुठेतरी."

"मुरू दे. इथे कुठे पाणी येतंय!"

मुलगी हुशार होती, दुकान जेमतेम होतं आणि बायकोचं चुकत नव्हतं. हे सगळं त्याला कळत होतं, म्हणून तर जास्तच संशय येत होता. त्यात दाजींची बॅग. आल्यापासून कोपऱ्यात बंद होती. शिंक्याखाली मांजर फिरावं तसा तो तिच्याभोवती चार दिवस फिरला. आत नक्की काहीतरी असणार!

आणि नेमका दाजींना बॅगेच्या कुलपाचा आकडा आठवेना. त्यांनी हाक मारली. किल्लीवाला बॅगेपाशी बसला, कान लावला, चकत्या हलकेच फिरवल्या. खटका वाजला. तसा तो ताडकन उठला आणि बॅगेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय रे? बघ की आत, आपण घरातलेच."

"धंद्याचा नेम आहे. खटका वाजला की पाठ फिरवायची. झाकण ज्याचं त्याने उघडायचं."

"चार दिवस संशयाने नुसता तळमळतोयस, आणि आता…"

"संशय तोंडाने घ्यायचा, दाजी. हाताने नाही."

दाजी हसायला लागले, पण ते हसू मध्येच विझलं. ते खाटेवर टेकले. "मग अवघड आहे," म्हणाले.

"काय अवघड?" किल्लीवाल्याने भिंतीलाच विचारलं.

"ते काम. एक मोठं गोदाम आहे. कामगार सुटले की दारात उभं राहून त्यांच्या पिशव्या उघडून बघायच्या. मी तेच करतो. साहेबांनी विचारलं, आणखी कुणी संशयी माणूस आहे का? मी म्हटलं, आमच्या मेव्हण्याला तोड नाही."

"सापडतं काही?"

"रिकामे डबे. मळके मोजे. पण ज्याची पिशवी दुपारी उपसली तो संध्याकाळी चहाला कसा येईल? सगळे आमच्याच वस्तीत राहतात. तुझ्या ताईकडे कुणी फिरकत नाही. म्हटलं, तू आलास तर तिला हक्काचं एक घर तरी होईल."

चार दिवस ज्या पाण्याचा माग काढला, ते असं पायाशी आलं. किल्लीवाल्याला वाटलं होतं, लबाडी सापडली की आनंद होईल. तो होईना.

"ताई काय म्हणाली?"

"ती म्हणाली, तो हे काम करायचा नाही."

किल्लीवाला वळला. "मग तिचंच खरं. बाकी काहीही सांगा, झाडू मारीन. हे नाही."

"बाकी काही माझ्या हातात नाही रे."

बायको दारातून सगळं ऐकत होती. "घरातले डबे मात्र रोज उघडून बघता!" ती फणकारली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. जरा वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. "आणि ताईंचं काय मग?"

किल्लीवाल्याने फोन लावला.

"ताई, मी येत नाही. तूच ये. महिनाभर राहा. गल्लीतल्या सगळ्या बायका चहाला येऊन तुझं डोकं खातील, बघ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस काय?"

"नाही रे. सर्दी झालीय. इथे थंडी फार."

त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी उघड्या बॅगेत तोंड घालून काहीतरी शोधत होते. सर्दीवर त्याचा तिळमात्र विश्वास बसला नाही.

"काढा घे," तो म्हणाला. "आणि तारीख सांग."