चावीकाका आणि डबल शॉकअप

चावीकाका कुठल्याही खुर्चीवर थेट बसत नसत. आधी पाठ धरून ती हलवायची, मग वाकून चारही पायांवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि मग टोकावर टेकायचं. लग्नाच्या मांडवातसुद्धा हाच प्रकार. यजमान अवघडत, मागची माणसं हसत, काकांना त्याचं काही नसे. "पडल्यावर समजून काय फायदा?" एवढंच म्हणत.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात मी भाड्यानं खोली घेतली, तिच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी हिंगणघाटला दिलेली. रेल्वेत ते चावीवाले होते. रोज सकाळी हातोडी आणि पाना घेऊन ठरलेल्या अंतराच्या रुळावरून चालत जायचं, रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकून पाहायच्या, ढिली निघेल ती बसवायची. आवाजावरून चावी कशी आहे ते त्यांना कळे. "लोखंड खोटं बोलत नाई," ते सांगत, "मानूस बोलते."

हा संशय त्यांच्या नोकरीचा भाग होता, निवृत्तीनंतर तो त्यांच्याबरोबर घरी आला. दूधवाल्याचं दूध ते बोटावर घेऊन उन्हात धरत. नवा कुकर, लोखंडी फाटक, टरबूज, काहीही आलं की गल्लीतली बायामाणसं आपणच त्यांच्यापुढे ठेवत, कारण ते नाहीतरी येऊन ठोकणारच होते. मी राहायला आले तेव्हा घरमालकानं मला काही विचारलं नाही. काकांनी मात्र माझं नेमणूकपत्र मागून घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "शिक्का निळा काऊन हाय?" शिवाय कुणीही काही सांगितलं की ते पुन्हा सांगायला लावत. "काय म्हनलं? परत सांग." पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या बोलण्यात फरक पडतो का ते काका तपासतात, अशी गल्लीची समजूत होती. माझीही तीच झाली.

एका संस्थेतलं माझं काम सेलू तालुक्यातल्या टेकड्यांकडच्या चार वस्त्यांवर होतं. बहुतेक गोंड कुटुंबं. तिथल्या विहिरींचं पाणी महिन्यातून दोनदा तपासून नोंद आणायची. डांबरी रस्ता संपला की पुढे जंगलातली गोट्यांची वाट, दोन नाले, आणि त्या जंगलात मोटारसायकल न्यायला मनाई. चालत गेलं तर दिवसाला एकच वस्ती होई. संस्थेच्या साहेबांनी मला सरळ सांगितलं होतं की असंच चाललं तर वस्त्या दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही कार्यालयात बसून आकडे भरा. मला ते नको होतं. तिथल्या बाया आता मला नावानं हाक मारू लागल्या होत्या.

सायकल घ्यायची ठरवली. पंचवीस हजारांच्या वर जाणं शक्य नव्हतं. आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून डोकं भणाणलं. हार्डटेल म्हणजे हादरे झेलणारा शॉकअप फक्त पुढे, मागचा सांगाडा एकसंध. फुल सस्पेन्शन म्हणजे मागेही शॉकअप आणि त्यासाठी सांध्यांवर हलणारा सांगाडा. व्हिडिओतला प्रत्येक जण म्हणे, पैसे कमी असतील तर हार्डटेलच घ्या, स्वस्तातला मागचा शॉकअप फसवा असतो. पण कॉलेजात असताना मी जिन्यावरून पडले होते आणि डॉक्टरांनी कमरेला हादरे बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. माझी कंबर मागचा शॉकअपच मागत होती.

काका न बोलावता वर्ध्याच्या दुकानात बरोबर आले. दुकानदारानं दोन्ही प्रकारच्या सायकली बाहेर काढल्या. काकांनी डबल शॉकअपवालीच्या सीटवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. सीट खाली गेली, वर आली.

"माहा जोर कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"आरामासाठी हाय काका ते," दुकानदार म्हणाला. "गड्ड्यात झटका लागत नाई."

"ते समजलं. पन चढावर पायडल मारलं तं तो जोर बी ह्याच्यातच जाईन. मंग चाकात काय जाईन?"

मग ते उकिडवे बसले आणि त्यांनी मागच्या सांगाड्याचे सांधे मोजले. "लय जागी हलते हे. हललं का ढिलं होते. ढिलं झालं का कोनाले तरी पाना घेऊन मांगं चालाव लागते. तुह्या वस्तीवर कोन येनार हाय पाना घेऊन?"

दुकानदारालाही तेच म्हणायचं होतं. या किमतीत हार्डटेलच चांगली, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. ते ऐकताच काकांना हार्डटेलचाही संशय आला. "तो काऊन इतका तिच्या मांगं लागला?" असं मला बाजूला घेऊन विचारलं, आणि आम्ही काहीच न घेता परतलो. गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. यांना सायकल तपासायची नाही, मी ती घेऊच नये असं यांना वाटतं, असा आता मला त्यांचाच संशय येऊ लागला होता.

पंधरा दिवसांनी नागपूरची एक जाहिरात दिसली. चांगल्या कंपनीची, परदेशी बनावटीची फुल सस्पेन्शन सायकल, वापरलेली, माझ्या आवाक्यात. काका म्हणाले, "इतकी चांगली हाय तं इकून काऊन राह्यला?" मी म्हटलं, या आणि त्यालाच विचारा.

विकणारा माणूस बँकेत नोकरीला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टा बांधलेला. त्यानं आम्हाला बसवलं, चहा आणला. काकांनी चहाला हात लावला नाही. खिशातला छोटा पाना काढून त्यांनी सांगाडा ठोकायला सुरुवात केली, एकेका नळीवर कान जवळ नेऊन. मागच्या सांध्याजवळ थांबले. तिथं एक लांबट स्टिकर होता. पुन्हा ठोकलं, पुन्हा.

"इथं चीर हाय," ते म्हणाले. "म्हनूनच स्टिकर लावला यानं."

तो माणूस उठला. मग लंगडत आत गेला, ओलं फडकं आणि सुरी घेऊन आला, आणि आमच्यासमोर खाली बसून त्यानं तो स्टिकर खरवडून काढला. खाली सांगाडा नितळ होता. एक ओरखडाही नव्हता. "आता बघा आजोबा," तो शांतपणे म्हणाला. काकांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला, दोनदा. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

शरमेनंच मी ती सायकल घेतली, हे आज कबूल करायला हरकत नाही. घासाघीससुद्धा केली नाही.

पहिले चार महिने सुखाचे गेले. बसनं सेलूला जायचं, तिथं ओळखीच्या घरी ठेवलेली सायकल काढायची आणि दिवसाला दोन वस्त्या. कंबर शांत होती. साहेब गप्प झाले. काका माझ्या सायकलीविषयी एक शब्द बोलत नसत. कुणी नवी वस्तू दाखवायला आणली तर "चांगली हाय" म्हणून परत देत, न ठोकता. गल्लीला वाटलं, वयानं निवळले.

मग मागचा शॉकअप तेल गाळू लागला. एका नाल्यातून वर येताना सीट जी खाली बसली ती वर आलीच नाही. वर्ध्याच्या मिस्त्रीनं हात वर केले. नागपूरच्यानं सांगितलं, हा भाग बाहेरून मागवावा लागेल, खर्च जवळजवळ सायकलीच्या निम्मा, वेळ सांगता येत नाही. मी सायकल सिंदीला आणून खोलीच्या मागे ताडपत्रीनं झाकून ठेवली, काकांना दिसू नये म्हणून. पुन्हा पायी जाऊ लागले. साहेबांचे फोन पुन्हा येऊ लागले.

तिसऱ्या दिवशी काकांनी ताडपत्री उचलून पाहिली. "मी म्हनलं होतं" हे वाक्य ते आता बोलणार, म्हणून मी ओठ आवळून उभी राहिले. ते बोलले नाहीत. त्यांनी शॉकअपची लांबी सुतळीनं मोजली, भोकांचं माप घेतलं आणि वेल्डिंगच्या दुकानाकडे चालू लागले. दोन दिवसांनी जाड लोखंडी नळीचा एक तुकडा घेऊन आले, दोन्ही टोकांना भोकं पाडलेला. शॉकअप काढून त्या जागी तो बसवला. हलणारा सांगाडा हलायचा थांबला. डबल शॉकअपची हार्डटेल झाली.

बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी पाना उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "मी ठोकतो. तू आयक."

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? तुम्हीच ऐका."

त्यांनी पाना मांडीवर ठेवला. "मले आयकू नाई येत, पोरी. त्या दिवशी नागपूरले सायकल बरोबरच बोलली असन. मले आवाज आलाच नाई, म्हनून मले वाटलं आत चीर हाय." मग खालच्या आवाजात, "दोन वर्सं झाले. मले वाटे लोकंच हळू बोलून राह्यले. माह्याबद्दलच बोलून राह्यले."

माणसांना सगळं दोनदा का सांगायला लावत होते, ते तेव्हा मला कळलं. मी खाली बसले. ते ठोकत गेले, मी ऐकत गेले. एका ठिकाणी आवाज बद्द आला, तसं सांगितलं. त्यांनी तो बोल्ट अर्धा फेरा आवळला. मी खरं सांगते आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

हादरे परत आले, ते सोसायला मी शिकले. गोट्यांवर सीटवरून उठून पायडलवर उभं राहायचं, टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. कमरेनं कुरकुर केली, पण वस्त्या माझ्याकडेच राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीनं काकांना हिंगणघाटला नेलं. दोन महिन्यांनी भेटायला गेले तर मुलगी वैतागलेली. हजारो रुपयांचं कानाचं यंत्र आणलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात होतं. "ते आपल्या मनचं बोलते," काका म्हणाले. "पंखा घरघरत नसला तरी घरघर करते."

मी यंत्र त्यांच्या खिशातून काढलं, त्यांनी मान पुढे केली, आणि मी ते कानात बसवलं. त्या बोल्टच्या दिवसापासून लागलेल्या सवयीनं ओरडून विचारलं, "येते का ऐकू?"

ते दचकून मागे सरले. मग मी साध्या आवाजात म्हटलं, "काका, मी आहे."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "हा तुहा आवाज हाय?"

"हो."

"इतका बारीक?"

"हो काका."

"मंग इतके दिस तू बोंबलून राह्यली होती काय, माह्यासाठी?"

मी मान डोलावली. त्यांनी कानाला हात लावला. मला वाटलं, काढून टाकतील. त्यांनी ते नीट दाबून बसवलं आणि म्हणाले, "अजून बोल."

दुपारभर मी बोलत बसले. वस्त्यांविषयी, विहिरींविषयी, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं त्याविषयी. एकदाही त्यांनी परत सांग म्हटलं नाही. ती आमची शेवटची भेट.